पुढचं चाक

अप्पा देवदर्शनालाही सायकलचं पुढचं चाक सोबत घेऊन जात. सायकल कुठेही लावली की खिशातून पाना काढायचा, पुढचं चाक सोडवायचं आणि ते खांद्याला अडकवून चालू लागायचं, ही त्यांची रीत. एकदा क्लबमधल्या एकाच्या मुलीच्या लग्नात ते चाकासकट पंगतीला बसले होते. वाढप्याने चाकाकडे पाहून काही विचारलं, तेव्हा "एका चाकाची सायकल चोर नेऊन काय करंल?" एवढं म्हणून त्यांनी आणखी थोडी बुंदी मागून घेतली.

सोलापुरातल्या आमच्या रविवारच्या सायकल क्लबात अप्पा वयाने सगळ्यांत मोठे. सूतगिरणीत स्टोअरकीपर म्हणून उभी हयात गेलेली, त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लंपास करायलाच आला आहे, असं धरून चालायची सवय. मूळ गाव अक्कलकोटकडचं, घरात कन्नड, बाहेर मराठी आणि दोन्हींत संशय सारखाच. पाऊस येणार नाही असं कुणी ठामपणे म्हटलं की अप्पा रेनकोट बांधून घेत. टपरीवाल्याने हसून "बसा अप्पा" म्हटलं की दूध कालचं आहे, हे नक्की. "लई गोड बोलतोय, कायतरी हाय की," हे त्यांचं पेटंट वाक्य. ते म्हणताना डावा डोळा बारीक व्हायचा.

मी शाळेत शिकवते म्हणून मला ते बाई म्हणत. स्वभावाने मीही काही भोळी नाही. इतकी वर्षं परीक्षेच्या वर्गात पहारा दिल्यावर कुणी नुसता खिशात हात घातला तरी माझी मान वळते. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच. चहाला बसलो की आम्ही दोघं जाणाऱ्या-येणाऱ्यांवर शंका घेत बसायचो आणि दोघांचाही वेळ मजेत जायचा.

क्लबात एक पद्धत होती. चढावर कुणी दमलं तर शेजारून जाणाऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवून वरपर्यंत ढकलत न्यायचं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, अप्पा सोडून. "ज्या दिवशी माझ्या पाठीला हात लागंल, त्या दिवशी सायकल बंद," असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. आणि अप्पा एकदा बोलले की बोलले. आधी गंमत वाटायची, पण गेल्या हिवाळ्यापासून ते चढ आला की उतरायला लागले. ब्रेक घासतोय, चेन सैल आहे, काहीतरी कारण असेच. क्लबात कुजबुज सुरू झाली आणि अप्पांना कुजबुज लांबूनही ऐकू यायची. मला काळजी वेगळीच होती. बायको गेल्यापासून आठवड्यातला रविवार तेवढा त्यांचा स्वतःचा उरला होता. तोही गेला तर हा माणूस दिवसभर घरी बसून कुणावर संशय घेणार?

अशात जत्रेची टूम निघाली. अक्कलकोटच्या अलीकडे एका गावची जत्रा होती. सकाळी निघायचं, दर्शन घ्यायचं, जेवायचं आणि संध्याकाळच्या आत परत. गावाचं नाव ऐकताच अप्पांचा डोळा बारीक झाला. ऐन तारुण्यात, याच जत्रेत, ते पंगतीत गव्हाची गोड हुग्गी खात असताना त्यांची पहिली सायकल चोरीला गेली होती. ही हकीकत सांगून वर ते म्हणाले की चोर अजून गावातच असणार, एवढी चांगली सायकल सोडून तो जाईल कुठे. आम्हाला वाटलं, आता काही हे येत नाहीत. रविवारी सगळ्यांच्या आधी तेच हजर होते.

गावात एका शेतकऱ्याने आपणहून आमच्या सायकलींना अंगण दिलं, पाणी दिलं. अप्पांनी त्याची कन्नडमध्ये सविस्तर उलटतपासणी घेतली आणि माझ्या कानाशी येऊन तो फुकट जागा का देतो आहे, असं विचारलं. मग चाक खांद्याला लावून जत्रेत निघाले. पाळण्याकडे नाही, मिठाईकडे नाही, नजर फक्त जुन्या सायकलींवर. भिंतीला टेकलेली एखादी दिसली की वाकून तिचा दांडा निरखत. मालक जवळ असला तर त्याचंही तोंड निरखत.

देवळाच्या दारात स्वयंसेवकाने चाक बाहेर ठेवायला सांगितलं. अप्पा म्हणाले, "देवावर भरवसा हाय. त्याच्या दारातल्या लोकांवर न्हाय." मागे रांग खोळंबली, तेव्हा त्याने नाद सोडला. आत पुजाऱ्याला वाटलं, चाक पूजेलाच आणलं आहे. त्याने रिमला विभूतीचे ठळक पट्टे ओढले आणि तारांत झेंडूचं फूल खोचलं. अप्पांनी हात जोडले खरे, पण बाहेर आल्यावर धोतराने रिम पुसत बसले. विभूतीने ब्रेक बिघडेल, असं त्यांचं म्हणणं. जेवताना हुग्गी दोनदा घेतली, चाक दोन्ही गुडघ्यांत धरून.

परतताना वारा समोरून होता. बाकीचे पुढे निघून गेले, मी मुद्दाम मागे राहिले. एका लांब चढावर अप्पा उतरले. तोंड लाल, श्वास लागलेला. मी जवळ गेले तर म्हणाले, ब्रेक घासतोय, विभूतीचा प्रताप. मी सायकलचं पुढचं टोक उचलून चाक फिरवलं. ते फिरत राहिलं, कुठेही न अडता, जराही आवाज न करता. आम्ही दोघंही ते थांबेपर्यंत बघत राहिलो.

"घासतोय खरा," मी म्हणाले.

अप्पांनी डोळा बारीक केला. "बाई, तुमी खोटं बोलताय."

मी सायकलचं पुढचं टोक खाली टेकवलं. त्यांनी पुढे गेलेल्यांकडे पाहिलं, मागचा रस्ता पाहिला. मग सायकलवर टांग टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लावा हात."

त्यांची पाठ शर्टातून कढत लागत होती. चढ संपला, तरी त्यांनी हात काढायला सांगितलं नाही. सोलापूरच्या अलीकडे क्लबची मंडळी थांबलेली दिसली, तेव्हा त्यांनी फक्त खांदा हलवला. मी हात काढला.

पुढच्या रविवारी अप्पा आले नाहीत. त्यांचा मुलगा टेंपोतून त्यांची सायकल माझ्याकडे पोचवून गेला. अप्पांनीच ती मला द्यायला सांगितली होती, पण तिला पुढचं चाक नव्हतं. मी फोन केला.

"चाक ऱ्हाऊ द्या की हितं," अप्पा म्हणाले. "तुमच्यावर भरवसा हाय. तुमच्या गल्लीवर न्हाय."

चाक आलं ते अप्पा गेल्यानंतर, दिवसकार्य आटोपल्यावर. त्यांच्या सूनबाई स्वतः घेऊन आल्या. ते पलंगाखाली असायचं, म्हणाल्या, आणि अप्पा मधूनमधून पंप मागून घ्यायचे. मी टायरवर अंगठा दाबला. हवा गच्च होती.

या वर्षी मी त्याच सायकलवर जत्रेला गेले. अंगण त्याच शेतकऱ्याने दिलं, त्याचे आभार मानले आणि चाक काढून खांद्याला लावलं. पुजाऱ्याने चाक ओळखलं, माणूस कुठे आहे विचारलं. मी सांगितलं. त्याने रिमला विभूती लावली. मी ती पुसली नाही.

परतताना त्याच चढावर सायकल जड झाली. मी उतरून चाक फिरवून पाहिलं नाही. ब्रेक घासत असणार, असं स्वतःला बजावलं आणि थोड्या वेळाने, पाठीला कुणी हात तर लावला नाही ना, म्हणून एकदा वळून पाहिलं.