अक्रोडाच्या टरफलांचं जहाज

चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ऑरिन प्रुइटने समुद्र दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा ट्रामच्या खिडकीतून. मूळचा तो नेब्रास्कातला. तिथे पाणी म्हटलं की विहीर. तरीही त्रेचाळीस सालच्या ऑक्टोबरात, हॉलिवुडमधल्या गावर स्ट्रीटच्या गरीब टोकाला असलेल्या एका स्टुडिओत, त्याच्याकडे अख्खा समुद्र सोपवण्यात आला. बाकीची माणसं युद्धावर गेली होती. ऑरिनचा डावा कान नकली गोळीबारात निकामी झाला होता, म्हणून तो उरला.

त्याआधीची अकरा वर्षं त्याने काऊबॉयच्या चित्रपटांत घालवली होती. कॅमेऱ्यासमोरून घोडे गेले की मागून फावडं घेऊन जायचं आणि पुढच्या शॉटआधी जमीन स्वच्छ करायची, हे त्याचं काम. तो ते नीट करी आणि त्याविषयी बोलत नसे. त्याची बायको ल्युएला मात्र बंदराजवळच्या गोदीत वेल्डिंग करायची. तिच्या हातून दर चाळीस दिवसांनी एक खरं जहाज पाण्यात जायचं. रविवारी शेजारी गप्पांना बसले की ती जहाजांविषयी सांगे आणि ऑरिन बशीतला केक संपवी.

म्हणून जेव्हा कळलं की नवा चित्रपट जहाजावरचा आहे, तेव्हा ऑरिनला रात्री झोप आली नाही. मालवाहू जहाज, आत एक गुप्तहेर, एक खून, एक बाई आणि धुकं. सहा दिवसांत सगळं उरकायचं. दिवे चार. पुढे विद्वानांना अशा चित्रपटांतल्या अंधारात माणसाच्या आत्म्याचा काळोख दिसला. ऑरिनला विचारलं असतं तर त्याने पाचवा दिवा मिळत नव्हता, एवढंच सांगितलं असतं.

समुद्राची सोय त्याने स्वतः केली. एका पत्र्याच्या परातीत पाणी, त्यात फुटक्या आरशाचे तुकडे, त्यावर दिवा. परात हलवली की भिंतीवर लाटांचा उजेड पळायचा. शिवाय छताला टांगलेला कंदील. त्याला आणि परातीला मिळून मासे पकडायची एकच बारीक दोरी बांधून ऑरिन वरच्या फळीवर पालथा पडायचा आणि हलके हलके ओढायचा. कॅमेरावाला उलट्या बाजूला झुकायचा. जमीन तसूभरही हलत नसे, पण खालून पाहणाऱ्याचं पोट हलायचं. दिग्दर्शक विट्लॉक हा मूकपटांच्या काळापासूनचा थकलेला माणूस. तो "समुद्र" म्हणाला की ऑरिनने सुरू व्हायचं.

सोमवारी सकाळी निर्माते हल्बर आले. जाडजूड, घाईतले, तोंडात न पेटवलेला चिरूट. त्यांनी सेट पाहिला. सेट म्हणजे एक कॉरिडॉर, तीन दारं.

"हे काय आहे?"

"जहाज, साहेब," विट्लॉक म्हणाला.

"ह्या जहाजात मी मागच्या महिन्यात एक बाई मारली. तेव्हा हे हॉटेल होतं. सहावा मजला."

"आता राखाडी रंग दिलाय."

"मग राखाडी हॉटेल."

गोष्ट खरी होती. युद्धामुळे नव्या सामानावर सरकारची मर्यादा, लाकूड जुनं, खिळे तर वापरलेलेच. कोपऱ्यात एक म्हातारा दिवसभर बसून वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा.

हल्बर लेखकाकडे वळले. "जहाजाचं हॉटेल करायला किती वेळ लागेल?"

"चाळीस मिनिटं," लेखक टाइपरायटरवरून मान न उचलता म्हणाला. "कप्तानाच्या जागी मॅनेजर. बुडण्याच्या जागी लिफ्ट."

"ठीक. उद्या दुपारी बाराला येतो. मला जहाज वाटलं तर जहाज. नाही वाटलं तर लिफ्ट." मग त्यांनी वर फळीकडे पाहिलं. "प्रुइट, हॉटेलात समुद्र लागत नाही. तसं झालं तर बुधवारपासून तू घोड्यांकडे."

ऑरिन वरून "बरं" म्हणाला. दोरी त्याच्या हातात तशीच होती.

हल्बर गेल्यावर सगळ्यांनी एकदम डोकं लढवलं, आणि सिनेमाच्या माणसांना सुचावं तेच सुचलं. जहाज कशावरून ओळखतात? रिव्हेटवरून. लोखंडी पत्र्यांवरची ती गोल गोल डोकी, ओळीने. प्रत्येक पोस्टरवर असतात. पण चारशे रिव्हेट आणायचे कुठून? ऑरिननेच तोड काढली. भिंतीवर चिकटवायला वाटाणे-घेवडेही चालले असते, पण ते रेशनवर होते, अक्रोड नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पोतं आलं. अख्खं युनिट अक्रोड फोडायला बसलं. टरफलाचे दोन अर्धे नीट वेगळे झाले पाहिजेत, म्हणून चाकूच्या टोकाने, श्वास रोखून. नायिकेने मखमली झगा गुडघ्यात खोचून साठ अक्रोड फोडले आणि त्यातले चाळीस खाल्ले. विट्लॉकने सात फोडले, सातही चुरले. संध्याकाळपर्यंत चारशे बारा टरफलं भिंतीवर चिकटली, वर राखाडी रंग. मागे सरकून पाहिल्यावर एकाने शीळ घातली. ऑरिनचे कान लाल झाले होते. असं काही त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी न्याहारीला त्याला राहवेना. ल्युएलाची पाळी दुपारी चारची होती.

"चल, माझं जहाज बघायला."

"तुझं?"

"माझंच."

ती आली. जाड पँट, डोक्याला रुमाल, मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग. सेटसमोर ती जितका वेळ गप्प उभी राहिली, तितका वेळ ऑरिनला फार चांगलं वाटलं.

"भिंतीवर हे काय आहे?"

"रिव्हेट. चारशे बारा."

"हे जहाज कधीचं?"

"आत्ताचं. युद्धातलं."

"ऑरिन," ती शांतपणे म्हणाली, "मी वर्षभर रोज आठ तास उभी असते, ते रिव्हेट लागू नयेत म्हणून. आता सगळं वेल्डिंग असतं. हे बघून गोदीतल्या पोरी खुर्चीवरून खाली पडतील."

विट्लॉकने खुर्चीवर बसल्या बसल्या डोळे मिटले. साडेनऊ वाजले होते.

ल्युएला कॉरिडॉरमध्ये शिरली. तिला वाईट वाटलं असावं. नवऱ्याच्या कामात काहीतरी चांगलं सापडावं म्हणून ती कंदील बघत बघत पुढे निघाली. पहिल्या दाराशी आली आणि सवयीने पाय गुडघ्यापर्यंत उचलून पलीकडे टाकला. पलीकडे काहीच नव्हतं. ती धडपडली आणि चौकट धरून सावरली.

"उंबरा कुठाय?"

"कसला उंबरा?"

"दाराचा. जहाजातल्या दाराला एवढा उंबरा असतो." तिने हात गुडघ्याशी धरला. "पाणी आलं तर पुढे जाऊ नये म्हणून. आणि दाराचे कोपरे गोल. अरे, जहाजात चालणं म्हणजे दर दहा पावलांनी पाय उचलणं. पहिल्या आठवड्यात माझ्या दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. तू नाही का म्हणालास, सायकलवरून पडलीस का?"

ऑरिनला ते आठवलं. पण त्याच्या डोक्यात दुसरंच काही पेटलं होतं. त्याच्यासमोर हॉटेल उभं होतं, आणि त्याला अचानक कळलं की हॉटेल कुठे संपतं. ते जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या जागेत संपतं.

"लाकूड," तो म्हणाला.

"लाकूड नाहीये," विट्लॉक म्हणाला.

"आहे."

मागच्या आवारात काऊबॉयचा रस्ता उभा होता. तिथे घोड्यांना पाणी पाजायचं लांबलचक लाकडी कुंड होतं. अकरा वर्षं ऑरिनने ते घासलं होतं. दहा वाजता त्याने आणि दोघा सुतारांनी त्याच्या फळ्या उचकटल्या. घोडे कुंपणापलीकडून बघत होते. खिळ्यांच्या म्हाताऱ्याने डब्यात हात घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे रांग लागली.

"हळू घ्या, बाबांनो. सरळ करायला वेळ लागतो."

"वाकडाच द्या, आजोबा."

ल्युएलाने बाह्या वर केल्या. पुठ्ठा कापून तिने दारांचे कोपरे गोल केले, सुतारांना उंची दाखवली, एकाला "हा उंबरा आहे की पायपुसणं?" असं विचारून पुन्हा उचकटायला लावलं. नायिका आणि लेखक पट्टी घेऊन भिंतीवरचे रिव्हेट खरवडत होते आणि टरफलं बादलीत पडत होती. साडेअकराला तिसरा उंबरा बसला. पावणेबाराला रंग. बाराला दहा कमी असताना फाटकाकडून निरोप आला, साहेब निघाले. ऑरिन शिडीवरून वर चढला, फळीवर पालथा पडला, दोरी बोटाला गुंडाळली. रंग अजून ओला होता. त्याने धडका कान विट्लॉककडे केला.

"समुद्र," विट्लॉक पुटपुटला.

कंदील हलला. भिंतींवरून उजेड वाहू लागला. मोठे दिवे विझवलेले होते.

हल्बर बोलत बोलतच आत आले. "हे बघ विट्लॉक, मी रात्री विचार केला. लिफ्टची कल्पना वाईट नाही. तिसऱ्या दारातून मॅनेजर बाहेर येतो..." आणि ते मॅनेजर कुठून येतो ते दाखवायला झपाझप चालू लागले. हा कॉरिडॉर त्यांना पाठ होता. महिनाभरापूर्वी त्यांनी इथे बाई मारली होती. नजर तिसऱ्या दारावर आणि पाय सहाव्या मजल्यावर, अशा अवस्थेत ते पहिल्या दारापाशी पोचले.

आवाज मोठा झाला. चिरूट पुढे घरंगळत गेला.

हल्बर पडल्यावर कुशीवर वळले आणि मग उताणे झाले. वर ऑरिनला वाटलं, थांबवावं का? पण विट्लॉक "बस" म्हणाला नव्हता. त्याने ओढणं चालूच ठेवलं. डावीकडे, थांबून, उजवीकडे. हल्बर कंदिलाकडे बघत राहिले. एक लाट गेली, दुसरी गेली. त्यांच्या चेहऱ्यावरून उजेड सरकत होता. मग त्यांनी दोन्ही तळहात जमिनीवर पक्के रोवले.

"प्रुइट," ते म्हणाले, "लाट थांबव. मला उठायचंय."

नायिकेने तोंडावर हात दाबला. लेखकाने टाइपरायटरमधला 'मॅनेजर' लिहिलेला कागद ओढून काढला.

उभे राहून नडगी चोळताना हल्बर म्हणाले, "जहाज आहे." मग भिंतीकडे पाहून, "पण रिव्हेट कुठे आहेत? विट्लॉक फोनवर रिव्हेट म्हणाला होता."

"हल्ली रिव्हेट नसतात," ल्युएला म्हणाली. "वेल्डिंग असतं."

"आपण कोण, बाई?"

"मी खरी जहाजं बांधते."

"किती दिवसांत?"

"चाळीस."

"आम्ही सहा," हल्बर म्हणाले. "रिव्हेट लावा. लोक पैसे देतात ते रिव्हेटचे." आणि ते लंगडत गेले. पुढच्या दोन दारांशी त्यांनी पाय नीट उंच उचलला.

बादली पुन्हा आली. ल्युएलाला निघायला अजून वेळ होता, म्हणून तीही चिकटवायला बसली. "कोणाला सांगू नकोस हं," ती ऑरिनला म्हणाली, "गोदीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही." तिची ओळ सगळ्यांत सरळ होती.

यानंतर ऑरिन घोड्यांकडे कधी गेला नाही. पुढच्या वर्षांत त्याने बारा जहाजं, दोन पाणबुड्या आणि एक नाइल नदी हलवली. आसपासच्या स्टुडिओंत त्याला नावाने कोणी ओळखत नसे. "समुद्राला बोलवा" म्हटलं की तो यायचा.

पण त्या दिवशी अडीच वाजता पहिला शॉट होता. नायिका कॉरिडॉरमधून पळते, मागे बूट वाजतात, ती उंबऱ्याला अडखळते आणि वळून बघते. कॅमेऱ्यामागे ल्युएला डबा काखेत घेऊन, जायच्या तयारीत उभी होती. एवढं बघते आणि निघते, असं ती म्हणाली होती.

"समुद्र," विट्लॉक म्हणाला.

ऑरिनने दोरी ओढली. नायिका पळाली. उजेड एका बाजूला गेला, कॅमेरा दुसऱ्या बाजूला झुकला, आणि वरून ऑरिनला दिसलं की ल्युएलाने पाय थोडे फाकवले आणि एक हात पुढे करून शेजारचा दिव्याचा खांब घट्ट धरला.

त्याने पुढची लाट जरा मोठी सोडली.