तोंड बांधेल माल

काउंटरवर आधी हात यायचा, मग अक्का यायच्या. उताणा तळवा, मनगटात चांदीचं कडं आणि पाठोपाठ एकच शब्द, "वानगी."

वानगी म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, याचंच मला नवल वाटतं. पोत्यातला चिमूटभर नमुना. गिऱ्हाइकानं तो तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, एखादा दाणा दाताखाली धरायचा आणि मग माल घ्यायचा की नाही ते ठरवायचं. काही न घेता निघून गेलं तरी दुकानदारानं कपाळाला आठी घालायची नाही. हा आपला रिवाज. अक्का मात्र तो कायदा असल्यासारख्या वागायच्या.

मी तेव्हा जळगावात एका ग्राहक भांडारात सुट्या मालाच्या काउंटरवर होतो. मागे पोती, पुढे तराजू, मध्ये मी. अक्का पिंप्राळ्याहून रिक्षानं यायच्या. त्यांचं माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन जळगावात येऊन उभा जन्म गेला, मुलगा कमावता झाला, सून आली, तरी बोली त्यांनी बदलली नाही. आम्ही भांडारात पगारापुरतं शुद्ध बोलायचो. अक्का आल्या की आमचीही जीभ सैल व्हायची.

"दाय दखाड भाऊ."

मी तूरडाळीच्या पोत्यात हात घालायचो.

"वरनी नको. वरनी पाहुनासले. माले खालनी दखाड."

मग मी कोपरापर्यंत हात घालून तळातली डाळ काढायचो. त्या ती उजेडात धरायच्या, नाकाशी न्यायच्या आणि चेहऱ्यावर असा भाव आणायच्या की मीच ती डाळ पेरली, कापली आणि बिघडवली.

अक्कांचं नेहमी बरोबरच असायचं असं मुळीच नाही. एकदा नवीन डाळ आली होती. अक्कांनी दाणा चावला आणि चार बायकांसमोर जाहीर केलं की ही जुनी आहे, दिवसभर शिजवली तरी शिजणार नाही. मी म्हटलं, अक्का, घेऊन तर बघा. घेतली. डाळ शिजून मेण झाली असणार, कारण पुढच्या खेपेला त्यांनी तीच मागितली. मी नुसता हसलो. अक्का माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाल्या, "आते तुम्हनी दाय सुधरनी."

अशा माणसाशी काय वाद घालणार!

अक्का प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत त्या माझ्या बोटांकडे पाहत राहायच्या. शेंगदाण्याची वानगी चघळत चघळत अख्ख्या काउंटरचा समाचार घ्यायच्या. जवळच्या असोदा गावच्या बायका बाजाराला आल्या की त्यांनाही आधी स्वतः वानगी पाहून सांगायच्या, घ्या म्हणून किंवा पुढे चला म्हणून. आमचे जुने लोक त्यांना मागून 'इन्स्पेक्टर' म्हणायचे.

पण मला कावीळ झाली आणि मी घरी पडून होतो, तेव्हा भांडारातून कोणी फिरकलं नाही. अक्का आल्या. पत्ता कोणाकडून काढला कोण जाणे. खाटेशेजारी मुगाच्या डाळीची पुरचुंडी ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्हनाच दुकाननी शे. मी निवडेल शे, बिनधास्त खाय." तेवढं बोलून, पाणीही न पिता गेल्या. त्या दिवसापासून त्यांचा उताणा तळवा दिसला की मला बरं वाटायचं, हे सरळ सांगून टाकतो.

नव्वद साल उलटून गेलं आणि आमच्या भांडाराला आधुनिक व्हायचं वेड लागलं. नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, पण मोठ्या शहरातलं कुठलंसं दुकान पाहून आला होता आणि ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. लोखंडी मांडण्या आल्या, ट्यूबलाइटी आल्या, प्लास्टिकच्या टोपल्या आल्या. डाळ, तांदूळ, साखर सगळं पाकिटात. गिऱ्हाइकानं स्वतः हिंडायचं, स्वतः काढायचं, टोपली स्वतः वागवायची आणि दाराशी बिलाच्या मशीनसमोर रांग लावायची. जुना काउंटर मागच्या कोपऱ्यात थोड्या सुट्या मालापुरता तूर्त राहू दिला होता. आत येताना घरची पिशवी दाराशी ठेवायची आणि पत्र्याचा बिल्ला घ्यायचा.

अक्का पहिल्याच दिवशी दाराशी अडल्या.

"पिशवी कसाले ठेवू आठे? मी काय चोर शे का?"

"तसं नाही अक्का, नियम सगळ्यांना आहे," मॅनेजर म्हणाले.

"म्हंजे बठ्ठाच चोर शेतस?"

मॅनेजरांनी विषय बदलला. त्यांना टोपली दिली आणि कसं हिंडायचं, काय कुठे आहे ते हौसेनं समजावलं. अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

"टोपली मी उचलू. माल मी काढू. रांगमा मी उभी ऱ्हाऊ. मंग तुम्ही काय करतस?"

"आम्ही... व्यवस्था पाहतो."

"मंग तुम्हना पगारमाईन अर्धा माले द्या."

रांगेतले लोक हसले. त्यांतल्या किती जणांच्या मनातलं अक्का बोलल्या होत्या, हे त्यांच्या हसण्यावरून कळत होतं. तुम्हीही अशा रांगेत उभे राहिला असाल. हातात जड टोपली, पुढच्याचा हिशेब अडलेला, मशीनवरची मुलगी एकच कळ पुन्हा पुन्हा दाबते आहे आणि तक्रार कोणाकडे करायची ते कळत नाही. वीज गेली की मग सगळंच ठप्प. अंधारात टोपल्या धरून उभ्या असलेल्या त्या मंडळींना अक्का मागच्या काउंटरवरून विचारायच्या, "मशीन मरी गयं का?" आणि माझ्या तराजूवर त्यांची डाळ निवांत तोलली जात असायची.

पाकिटांवरही त्यांनी उपाय काढला. मांडणीवरचं पाकीट घ्यायचं, नखानं कोपरा फाडायचा, वानगी काढून चावायची, पाकीट जागेवर ठेवायचं. त्या गेल्यावर मांडणीवर अर्धी पाकिटं मान टाकून बसलेली असायची. मॅनेजरांनी पाटी लावली की पाकिटं फोडू नयेत. अक्कांनी शेजारच्या बाईकडून पाटी वाचून घेतली आणि म्हणाल्या, "फोडस कोन? मी ते वानगी दखस." त्यांच्या लेखी त्या काहीच चुकीचं करत नव्हत्या. वानगी न देता माल विकणं हीच त्यांच्या हिशेबी चोरी होती.

शेवटी मॅनेजरांनी अक्कांना बाजूला घेऊन बजावलं की तोंड बांधलेला माल बाहेर न्यायचा असेल तर न्या, फोडायचा नाही.

"तोंड बांधेल माल मी लेत नही," अक्का म्हणाल्या, आणि रिकाम्या हातानं गेल्या.

पुढे ठरलं की काउंटर बंदच करायचा. माणसं कमी लागतील, गर्दी लवकर सरेल, असं मॅनेजरांचं म्हणणं. वार्षिक सभेत तो विषय आला. सभेला लोक येतात ते चहा-चिवड्यासाठी, हे अध्यक्षांनाही ठाऊक होतं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नाना ठराव वाचून दाखवत होते, माना डोलत होत्या, आणि मागून अक्का उठल्या. त्या सभासद होत्या, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

"नाना, माले वाचता येत नही. पन डोया शेतस, नाक शे, दात बी शेतस. पाकीटवर काय लिखेल शे ते माले सून सांगी. मंग दुकानमा सूनच येई. मी कसाले येऊ? घरमा बसू?"

मग अक्का पुढे बसलेल्या पुरुषांकडे वळल्या.

"बैल लेवाना तव्हय तुम्ही दात दखतस. दाय लेवानी तव्हय मी डोया मिटी लेऊ का?"

हे सगळं त्यांनी न रागावता विचारलं. इतकी वर्षं त्यांना पाहत होतो, पण या भांडणात त्यांचं काय पणाला लागलं आहे ते मला त्या दिवशी कळलं. बाजाराला जाणं हे त्यांचं घराबाहेरचं एकमेव काम होतं. तिथे त्यांचा शब्द चालायचा. काउंटर गेला की त्यांच्यासाठी दुकानच गेलं, आणि दुकान गेलं की उरतो तो घरचा ओटा.

नाना म्हणाले, "अक्का, विचार करू." मग चिवडा आला. काउंटर बंद झाला आणि मला गोदामात पाकिटं भरायला बसवलं. तीच पोती, तीच डाळ, फक्त पाकिटावर मॅनेजरांनी छापून घेतलं होतं, 'स्वच्छ, निवडलेली'.

बरेच दिवस अक्का दिसल्या नाहीत. मला वाटलं, हरल्या.

मग एका बाजाराच्या दिवशी आल्या त्या पिंप्राळ्याच्या आणि असोद्याच्या बायका घेऊन. प्रत्येकीच्या काखेत सूप. सुपं दाराशी ठेवून त्यांनी रीतसर बिल्ले घेतले. टोपल्या घेतल्या, पाकिटं काढली, रांग लावली, पैसे दिले. एकीनंही पाकीट फोडलं नाही. मॅनेजर खुशीत होते. मग बायका बाहेर आल्या, भांडाराच्या ओट्यावर सावलीत ओळीनं बसल्या, पाकिटं फाडून डाळ सुपात ओतली आणि पाखडायला लागल्या.

त्या आवाजानं रस्त्यावरचे लोक थांबले. फोलपटं उडून दारातून आत जाऊ लागली. मॅनेजर धावत बाहेर आले.

"अक्का, हे काय चाललंय?"

"दाय निवडी ऱ्हायनूत, सायेब."

"मग घरी जाऊन निवडा ना. हा ओटा भांडाराचा आहे."

"आनि भांडार कोनं शे? मी सभासद शे."

मॅनेजरांनी गर्दीकडे पाहिलं आणि नको ते बोलून बसले. "अहो, ही निवडलेलीच डाळ आहे. पाकिटावर छापलंय तसं!"

अक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं. सुपाच्या कडेला खडे जमले होते. खडे आमच्या पोत्यातही असायचे, ते मी कधी नाकारलं नाही, पण तिथे ते डोळ्यांना दिसायचे आणि वर निवडल्याची कोणी शपथ घेतलेली नसायची. अक्कांनी दारात उभ्या असलेल्या मला हाक मारली.

"ए भाऊ, आठे ये. पाकीट कोन भरस?"

"मी भरतो."

"मंग ही दाय तू निवडी का?"

मॅनेजर माझ्याकडे पाहत होते. सगळा ओटा माझ्याकडे पाहत होता. घरी दोन लहान मुली होत्या, आणि दुसरी नोकरी काही वाटेवर पडलेली नव्हती. पण अक्कांसमोर खोटं बोलवेना.

"नाही अक्का," मी म्हटलं. "पोत्यातली तशीच भरली."

मग जो गलका झाला तो विचारू नका. ज्यांनी पाकिटं नेली होती तेही आत शिरून भांडायला लागले. नानांना बोलावणं गेलं. नाना तावातावानं आले आणि ओट्यावर पाहतात तर सूप घेऊन बसलेल्या बायकांत त्यांची सख्खी बहीण. "तू इथे काय करतेस?" म्हणाले. ती म्हणाली, "खडे वेचतेय. तुझ्याच भांडारातले." नाना तिथेच उकिडवे बसले. सुपातली डाळ चिमटीत घेतली, बराच वेळ पाहिली आणि मॅनेजरांना म्हणाले, "काउंटर उघडा."

मला आत बोलावून जे ऐकवलं गेलं ते इथे लिहीत नाही. नोकरी मात्र राहिली. पाकिटांवरचा 'निवडलेली' हा शब्द काळ्या शाईनं खोडायचं काम मला दिलं गेलं. एवढ्या आनंदानं मी भांडारात दुसरं कुठलंच काम केलं नाही.

काउंटर उघडला त्या दिवशी मी पोती झाडून ठेवली, तराजू चिंचेनं घासला आणि अक्कांची वाट पाहत उभा राहिलो. त्या आल्या. वानगी घेतली, फुंकर मारली, दाणा चावला.

"आज दाय बरी नही," म्हणाल्या आणि काही न घेता निघून गेल्या.

काही वर्षांनी मुलाची बदली झाली आणि अक्का त्याच्याबरोबर धुळ्याला गेल्या. जाताना भेटायला वगैरे आल्या नाहीत. त्या वारल्याची बातमीही मला पुष्कळ उशिरा कळली, सुनेकडून. ती कशासाठी तरी जळगावात आली होती आणि भांडारात डोकावली. धुळ्यात त्यांच्या गल्लीतच तसलं पाकिटांचं दुकान निघालं होतं. अक्का तिथे रोज जायच्या, रोज भांडायच्या. आणि शेवटच्या दिवशी अंत्ययात्रा दुकानावरून गेली तेव्हा त्या दुकानदारानं शटर अर्धं ओढून घेतलं, रस्त्यावर अनवाणी उभा राहिला, असं ती म्हणाली.

पुढे एका लग्नासाठी धुळ्याला गेलो तेव्हा मी मुद्दाम ते दुकान शोधलं. माझ्याच वयाचा माणूस होता. अक्कांचं नाव काढताच त्यानं हातातलं काम टाकलं आणि मला स्टूल दिलं.

"तुम्ही त्यांचे कोण?" त्यानं विचारलं.

नातं काय सांगणार? मी म्हटलं, "मी अक्कांचा दुकानदार."

तो माणूस ताठ झाला. "तुम्ही कसे? अक्कांचा दुकानदार मी."

मी म्हटलं, माझ्याकडे त्यांनी उभी हयात माल घेतला. तो म्हणाला, शेवटपर्यंत शिव्या मी खाल्ल्या. मी आवाज चढवला. त्यानंही चढवला. गिऱ्हाइकं टोपल्या धरून आमच्याकडे पाहत उभी होती, आणि आम्ही दोघं डोळे पुसत पुसत भांडत होतो.