एका एन्झाइमविरुद्ध काढलेलं पत्रक

पत्रक लिहायला मला शत्रू लागतो. बायकांच्या स्वच्छतागृहासाठी आम्ही सह्या घेत होतो तेव्हा तो आयता होता: दारावरचं कुलूप. त्या कुलपासमोरच टेबल टाकून आम्ही व्यवस्थेचा निषेध करायचो. टेबल माझी आई सांभाळायची, कारण माझं भाषण असायचं.

मग आईचे पाय सुजले, लघवी कमी झाली. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, क्रिएटिनिन वाढलंय, मूत्रपिंडावर ताण आहे. गुडघ्यासाठी ती रोज घेत होती ती गोळी त्यांनी तिथल्या तिथे बंद केली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायला सांगितलं.

मी तडक मावसबहिणीची प्रयोगशाळा गाठली. ती मूत्रपिंडाच्या पेशी वाढवते. पेशींना सूज आणणारं द्रव्य दिलं की त्यांच्यात एक एन्झाइम वाढतं, आणि दुखण्यावरची गोळी त्यालाच अडवते, एवढं तिने सांगितलं. मला एवढं पुष्कळ होतं. घरी येऊन मी पत्रक लिहिलं, छापूनही घेतलं: आपल्याच शरीरात लपलेला हा दाहाचा दलाल ओळखा!

बहिणीने ते शांतपणे वाचलं.

“अगं, गुडघ्यात ते आग लावतं हे खरं. पण मूत्रपिंडात ते एरवीही थोडं असतंच. अंगातलं पाणी कमी पडलं की तिथला रक्तपुरवठा तेच टिकवतं. गोळी दोन्हीकडे अडवते. मावशी पाणी पीत होती का?”

मला माहीत नव्हतं. पाण्याच्या हक्कावर माझी दोन पत्रकं आहेत.

आईला विचारलं.

“टेबलावर बसून पाणी प्यायचं आणि जायचं कुठे?” आई म्हणाली. “समोर कुलूप. त्यासाठीच मला तिथे बसवलं होतंस ना?”

दिवसभर त्या कुलपावर बोलणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. मी निषेध नोंदवू शकले असते, पण कोणाचा?

दुसऱ्या तपासणीत क्रिएटिनिन उतरलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. एन्झाइमविरोधी पत्रकांचा गठ्ठा रद्दीत गेला. रद्दीवाल्याने कागद पातळ असल्याची तक्रार केली.

आई परत टेबलावर येते, पाण्याची मोठी बाटली घेऊन. परवा मी ऐन मुद्द्यावर आले होते. ती उठली, माझ्या हातातला माईक बंद केला आणि पेन माझ्या हातात दिलं.

“समोरच्या हॉटेलात विचारून ठेवलंय. मी जाऊन येते. तोवर सह्या घे.”