अण्णांचा हात धरला तेव्हा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या मागच्या बाजूला डबा उघडून बसलो होतो. राजकोटला आमच्या फाउंड्रीत साचे भरणारे आम्ही सहा-सात जण दुपारच्या सुट्टीत तिथंच भिंतीच्या सावलीला जेवतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको. बेळगावजवळच्या बेळगुंदीहून, आमच्या गावाहून, त्यांचा फोन येतो तो रविवारी. हा बुधवार होता. तेवढ्यानंच हातातला घास थांबला.

"भावजी, जेवलासा?"

"जेवतोय. काय झालं?"

"काय न्हाय वो. तुमच्या लेकीनं ह्यांचा हात धरला."

मला काही कळलं नाही. "धरला म्हंजे? अण्णा पडत हुते काय?"

"पडत न्हवते, मारत हुते. नातीला मारायला हात उचलला, आन हिनं मधीच धरला. सोडंचना. शेजारची दोघं-तिघं सोप्यात बसलेली, त्यांच्याम्होरं." मग त्यांनी आवाज बारीक केला. "कालपास्नं ते कुणासंगट बोलंना झाल्यात. तिच्या बापाला बोलवा, एवढंच म्हणालेत. येऊन जावा तेवढं."

आमच्या घरात अण्णांचा हात आजवर कुणी धरला नव्हता. मी डबा तसाच झाकून ठेवला. लेक बेळगावात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती आणि राहायला अण्णांच्या घरी. अण्णा "घेऊन जा हिला" म्हणाले असते तर तिचं शिक्षण तिथंच संपलं असतं. हॉस्टेल आमच्या आवाक्यातलं नव्हतं आणि शहरात एकटी ठेवायला तिची आई कधीच तयार झाली नसती. मी नववीतून शाळा सोडली. आमच्या घरातलं बारावीच्या पुढं गेलेलं हे पहिलंच माणूस. तिची सीट लागली तेव्हा मी अण्णांना भीतभीत विचारलं होतं. ते म्हणाले, "इचारतोस काय? घर कुणाचं हाय? पाठव." आणि रोज सकाळी स्वतः तिला बसथांब्यापर्यंत सोडायला जायचे.

हे उपकार मी कुठं ठेवू, असं मला वाटायचं. त्यात पोरीनं त्यांचा हात धरला.

अण्णा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळं मला वाढवलं अण्णांनीच. शाळेत आमच्या वर्गाला एक मास्तर होते. उशीर झाला की अंगठे धरून उभं करायचे आणि पाठीवर डस्टर ठेवायचे. डस्टर पडलं की छडी. मला रोज उशीर व्हायचा, कारण सकाळचं दूध घालून मग शाळा. एक दिवस मी शाळेच्या वाटेवरून मागं फिरलो आणि परत गेलोच नाही. अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी गोठ्यातला कासरा काढला आणि दारातच मला मारलं. बैलाला बांधायचा दोर तो, त्याचा वळ जाडजूड उठतो. "जाणार का न्हाय?" असं दर फटक्याला विचारत होते. मी "न्हाय" म्हणत होतो. "न्हाय" म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं, पण मास्तरांची भीती अण्णांच्या भीतीपेक्षा मोठी होती, एवढंच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि बेळगावला एका फाउंड्रीत नेलं. मिस्त्रीला म्हणाले, "ह्यो माझा भाऊ. ह्याला काम शिकवा. मारू नगासा, मार खाऊन झालाय त्याचा." मी आत गेलो. संध्याकाळी अंग काळं करून बाहेर आलो तर अण्णा गेटसमोरच्या झाडाखाली बसलेले. सकाळपासून तिथंच होते. शेतातला दिवस बुडवून, बांधून आणलेली भाकरी तशीच ठेवून. "म्हटलं पळून आलास तर गावाचा रस्ता चुकशील," एवढंच म्हणाले. त्या फाउंड्रीत मी जे शिकलो त्यावर आज राजकोटात माझं घर चालतं. मारणारा हात आणि गेटवर भाकरी घेऊन थांबलेला हात एकच, हे मला कधी वेगळं करता आलं नाही.

मी तीन दिवसांची रजा घेतली. पुण्यापर्यंत रेल्वे आणि पुढं बस. वाटभर मनात एकच वाक्य घोळवत होतो: अण्णा, पोरीचं चुकलं, पदरात घ्या. दुसरं वाक्य सुचतच नव्हतं. निपाणीला दोन कॉलेजची पोरं चढली आणि माझ्यासमोरच्या सीटवर पाय पसरून बसली. बाजूला एक म्हातारे दांडा धरून उभे. "एळो!" कंडक्टर कानडीत ओरडला, ऊठ म्हणून. पोरं हसली, हलली नाहीत. मी माझेच पाय आत ओढून घेतले, जणू मीच बसून राहिलोय. मग घाटाच्या वळणावर म्हाताऱ्यांचा तोल गेला तसा त्यातला एक झटकन उठला, त्यांना दंडाला धरून बसवलं आणि म्हणाला, "आज्जा, सांगायचं की वो मघाशीच! आमाला काय सपान पडतंय?" आणि बेळगावपर्यंत उभा राहून मोबाईल बघत आला. त्याच्यावर रागवावं की त्याला चांगलं म्हणावं, माझं मला ठरवता येईना.

बेळगावच्या स्टँडवर लेक पुतण्याची स्कूटर घेऊन आली होती. मी मागं बसलो. शहर संपल्यावर विचारलं, "काय केलंस गं हे?"

"पप्पा, मी जोर नाही लावला. नुसता धरला."

"पण का?"

"ज्या पोरीला मारत होते ती सातवीत आहे. कानात हेडफोन घालून बसली होती. अण्णांनी पाणी आण म्हटलं, ती म्हणाली, थांबा की जरा. एवढंच."

"एवढंच? अण्णांना थांबा म्हणायचं?"

"मग काय म्हणायचं?"

"काय म्हणायचं न्हाय. उठायचं."

तिनं गाडीचा वेग कमी केला. मग आरशातून माझ्याकडं बघत म्हणाली, "तुम्ही उठायचात ते मान म्हणून, का भिऊन?"

"आमच्या वेळी ते एकच हुतं."

"मग बरंय, मी तुमच्या वेळी नव्हते. नीट धरून बसा, खड्डा आहे."

राजकोटात वाढलेली पोर ही. शाळेत शिक्षकांना उलट प्रश्न विचारते म्हणून तिला बक्षीस मिळालेलं. मला वाटलं, हिला इथं पाठवली ही माझीच चूक.

गावात शिरल्यावर देवळापाशी कट्टा लागतो. आमच्या वेळी त्या कट्ट्यावर जाणती माणसं बसलेली असली की सायकलवरून उतरायचं, हातात धरून चालत पुढं न्यायची आणि वळणापलीकडं गेल्यावर परत बसायचं. न उतरलेल्या पोराचं नाव संध्याकाळपर्यंत घरी पोचायचं. मी इतक्या वर्षांत सुट्टीला आलो तो रिक्षानं किंवा पुतण्याच्या गाडीतून, त्यामुळं हे सगळं विसरलोय असं वाटत होतं. पण दुरून कट्ट्यावरच्या टोप्या दिसल्या आणि माझा पाय आपोआप खाली गेला. स्कूटर थांबलीय का, हे बघितलंच नाही. पाय जमिनीला लागला, गाडी पुढं गेली आणि मी तळव्यांवर आपटलो.

"आरं, कोण पडला रं?"

"राजकोटवाला! चालत्या गाडीवरनं उतरला!"

"तुझी पोरगी थांबवीना व्हय रं गाडी?" एक म्हातारा हसत हसत उतरून आला आणि मला उठवायला हात दिला. "आता कोण उतरतंय बाबा? पोरं हारण मारून आमालाच कट्ट्यावरनं उठवत्यात. तू कशाला हाडं मोडून घेतोस?"

लेक पळत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "चालत्या गाडीवरून कुणी उतरतं का पप्पा?" असं रागानं म्हणत तिनं माझा तळवा उघडून बघितला. सगळा सोललेला, त्यात खडी रुतलेली. मला दुखत नव्हतं. घर शंभर पावलांवर आलं होतं, त्याचीच भीती इतकी होती.

अण्णा पुढच्या सोप्यात खाटेवर बसले होते. गेल्या वर्षापेक्षा वाळलेले वाटले. मी पाया पडलो तर त्यांनी माझे हात बघितले.

"काय झालं रं?"

"पडलो."

"कुठं?"

"कट्ट्याम्होरं."

त्यांना काय कळायचं ते कळलं. वहिनी पाणी घेऊन आल्या, लेकीनं कोपऱ्यात बसून माझ्या हातातली खडी चिमट्यानं काढली आणि पट्टी बांधली. अण्णा बघत होते. नात आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

पट्टी झाली तसा मी उठलो आणि बसमध्ये घोकलेलं वाक्य म्हणालो. "अण्णा, चुकलं. पदरात घ्या."

"तू का चुकलास? तुला कोण इचारलं?" अण्णा म्हणाले. "तू बाप हाईस तिचा. माझ्याम्होरं सांग, तिचं चुकलं का न्हाय?"

मी लेकीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, उरलेला कापूस पाकिटात भरत होती. "चुकलं" एवढं म्हटलं की झालं, ती इथं राहील, वर्ष वाचेल. पाच अक्षरंही नाहीत. पण मी ते म्हणालो तर माझ्याकडं ती परत कधी कशाला बघेल, हेही मला त्याच वेळी दिसलं. आणि "नाही" म्हणालो तर सकाळी बॅग बांधून दोघं स्टँडवर. मी पट्टीतला हात छातीशी धरला.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही मला कासऱ्यानं मारलासा तवा मी दाराकडं बघत हुतो. कुणीतरी येऊन तुमचा हात धरंल म्हणून."

वहिनींच्या बांगड्यांचा आवाज आतून येत होता तो थांबला.

"कुणी आलं न्हाय," अण्णा म्हणाले.

"न्हाय."

"तू कधी बोलला न्हाईस हे."

"भ्यालतो."

"आन आता?"

"आताबी भ्यालोय अण्णा. हे बगा." मी पट्टीचा हात पुढं केला. कट्ट्याम्होरं सोललेला.

अण्णांनी टोपी घातली, चपला पायांत सरकवल्या आणि निघून गेले. रानाकडं गेले असतील, वहिनी म्हणाल्या. लेक तिच्या खोलीत गेली आणि कपडे बॅगेत भरायला लागली. तिला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पुस्तकं मात्र ती भरेना. एकेक हातात घेई आणि परत ठेवी. मी दारात बसून तेच बघत राहिलो. माझ्या एका वाक्यानं हिचं सगळं गेलं, असंच मला वाटत होतं. वहिनी मधूनच येऊन म्हणत, "भावजी, च्या घ्या," आणि मी प्यायलो नाही की गार झालेला कप उचलून नेत.

अण्णा दिवेलागणीला आले. हातात ताज्या काढलेल्या रताळ्यांची पाटी होती, मातीसकट. ती त्यांनी वहिनींच्या हातात दिली, पाय धुतले आणि लेकीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. भरलेली बॅग त्यांना दिसली.

"ही कुठं निघाली?"

लेकीनं हातातलं पुस्तक परत ठेवलं.

"उद्या कॉलेज न्हाय?"

"आहे," लेक म्हणाली.

"मग?" ते जरा थांबले. बोलायला त्यांना जड जात होतं. "हात धरायचा न्हाय. चारचौघांत न्हाय, घरातबी न्हाय. ह्या वयात कुणी माझा हात धरावा, हे मला सोसत न्हाय. हाक मार. अण्णा म्हण. मी थांबीन."

मी सुटलो असं वाटून श्वास सोडणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "आणि नाही थांबलात तर?"

मी उठून तिचा कोपर पकडला, गप्प बस म्हणून दाबला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण अण्णांवरची नजरही काढली नाही. अण्णांच्या मागं येऊन उभी राहिलेली नात तोंडावर हात ठेवून बघत होती.

अण्णांनी एकदा तिच्याकडं, एकदा नातीकडं बघितलं. मग माझ्याकडं बोट केलं.

"मग ह्याला बोलीव."

वहिनी आतून हसल्या, नात खुदकन हसली, लेकीलाही हसू आवरेना. "ह्या भित्र्याला?" वहिनी म्हणाल्या. "राजकोटास्नं?"

"व्हय. येतोय का इचार."

मला हसायला आलं नाही. राजकोटहून इथं पोचायला मला दीड दिवस लागला होता आणि दीड दिवसात घरात काय काय होऊ शकतं ते मला ठाऊक होतं. ते सगळे माझ्याकडं बघत होते. लेकीचा कोपर मी अजून धरूनच होतो.

"बोलवा," मी म्हणालो. आवाज चिरकला म्हणून परत म्हणालो. "बोलवा. येतो मी."