धनीरामचा मोटरींचा कोंडवाडा

धनीराम मूळचा नाकाडोंगरीचा. तरुणपणी तो जंगलातली लाकडं बैलगाडीवर लादून डेपोत आणी. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढावी तर त्यानंच. बैलांच्या कानाशी तो काहीतरी पुटपुटे आणि गाडी विंगेतून राजा निघावा तशी ऐटीत वर येई. पुढं लाकडं ट्रकमधून जाऊ लागली. बैल विकले गेले, आणि अठ्ठ्याहत्तर साली धनीराम भंडाऱ्याच्या कृष्णराव सेठकडं टोचन गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला.

मिलिटरीचा मोडीत काढलेला ट्रक, मागं साखळी आणि आकडा. बंद पडलेली मोटर आकड्याला लावायची आणि ओढत सेठच्या आवारात आणायची. एवढं त्याला पहिल्याच दिवशी समजलं. पुढचं काही केल्या समजेना.

कारण सेठ सांगे, रस्त्यात उभी दिसेल ती आण. पुष्कळदा मोटर ठणठणीत असे आणि मालक समोरच्या टपरीवर चहा पीत असे. आवारात आली की खुशाल नावाचा मेकॅनिक बॉनेटखाली हात घालून काहीतरी खिशात टाकी आणि धापा टाकत आलेल्या मालकाला सांगे, "इंजिन बसलं जी." मग दुरुस्ती, मग टोचनचं भाडं.

धनीरामनं डोकं खाजवून खाजवून आपल्यापुरता अर्थ लावला. मोकाट ढोर धानात शिरलं की कोंडवाड्यात जातं, मालक दंड भरून सोडवून नेतो. मोटरींसाठीही सरकारनं तसंच काढलं असेल. कोंडलेल्या ढोराला पाणी दाखवावं लागतं, म्हणून तो रोज सकाळी प्रत्येक मोटरीच्या रेडिएटरात पाणी ओती.

"का गा धनीराम, सरकीची ढेप बी चारतं का?" खुशाल विचारी.

"सेठनं आणली तं चारीन ना."

पुढच्या वर्षी दिवाळी सरली आणि गावोगाव मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा, भरू लागली. एका दुपारी वरठीहून निघालेली नाटक मंडळीची जुनी व्हॅन नाक्यावर थांबली. टपावर परद्यांच्या गुंडाळ्या, आत पेट्या. मंडळी चहाला उतरली आणि धनीरामनं आकडा लावला. तो आवारात पोचतो न पोचतो, मागून सगळी मंडळी धावत आली. पुढं गोदावरीबाई, मंडळीच्या मालकीण आणि नायिकाही.

"चालती गाडी काहून ओढली रे बापा?"

"रस्त्यात उभी होती जी."

"तं माणसानं चालता चालता चहा पेवाव का?"

खुशालनं नेहमीचं वाक्य म्हटलं. सेठ म्हणाला, "उद्या होईल, बाई."

"उद्या?" गोदावरीबाईंचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "आज आसगावची मंडई हाये, सेठ. मागच्या साली आमी पोचलो नाई. आज बी चुकलो तं त्या भागात आमाले कोणी बोलावत नाई."

"त्याले मी काय करू?" म्हणत सेठ जेवायला गेला. खुशालही गेला.

धनीरामच्या कानात एकच शब्द राहिला होता. नाकाडोंगरीला मंडईच्या दिवशी कोंडवाडा रिकामा करत. कोतवाल स्वतः फाटक उघडी, दंड माफ. सणाला मुकं जनावर कोंडून ठेवायचं नाही, अशी गावाची रीत. सेठ एवढं कसं विसरला? त्यानं फाटक सताड उघडलं आणि व्हॅन पुन्हा आकड्याला लावली.

"बसा जी."

"आता कोठी नेऊन राहिला?"

"आसगावले. सुटलं तुमचं ढोर."

गोदावरीबाईंना ओ की ठो कळलं नाही, पण त्या बसल्या. पुढं मिलिटरी ट्रक, मागं परद्यांची व्हॅन, असं ते ध्यान पाहून रस्त्याकडेची माणसं टाळ्या वाजवत होती. ऊन उतरायच्या आत मंडळी आसगावच्या मांडवात होती.

जीप घेऊन सेठ आणि खुशाल मागोमाग आले.

"कोणाले विचारून सोडली रे?"

"मंडई हाये ना, सेठ."

"तं?"

"कोंडवाडा उघडा राहते."

"कोणता कोंडवाडा?"

"आपला. मोटरींचा."

भोवती मंडईची गर्दी जमली होती. सरपंच पुंडलिकराव पुढं आले. "सेठ, सरकारनं तुमाले कोंडवाडा देला? आमाले तं खबर नाई."

सेठला पेच पडला. हो म्हणावं तरी अडचण, नाही म्हणावं तरी अडचण. अखेर त्यानं खुशालला खूण केली. खुशालनं खिशातून एक काळा तुकडा काढून व्हॅनमध्ये बसवला आणि पहिल्याच फेरीत इंजिन सुरू झालं. धनीराम आ वासून पाहत होता. ट्रकची चावी खुशालच्या हाती देऊन सेठ जीपकडं निघाला.

"मी उद्या येऊ का जी?"

"येऊ नको."

"मंग परवा?"

जीप धुरळा उडवत गेली. ट्रक खुशालनं नेला.

गोदावरीबाई तोंडाला रंग लावत होत्या. धनीराम जवळ जाऊन उभा राहिला. "बाई, सरकारचा नाई, गावाचा नाई, तं मी सालभर ढोरं कोणाच्या दावणीले बांधत होतो?"

तेवढ्यात घंटा झाली. "चाल," त्या म्हणाल्या, "परद्याले माणूस पाहिजे."

तिथून पुढं कितीतरी वर्षं तो मंडळीत परदा ओढत राहिला. पण त्या पहिल्या संध्याकाळी परदा अर्ध्यावरच थांबला. दोरी हातात धरून धनीराम विंगेतल्या राजाला विचारत होता, "महाराज, तुमीच सांगा, ते काळं काय होतं खुशालच्या खिशात?"