अक्काची बिनक्लचची गाडी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या बाजारात हळद बघत होतो. महिना होत आला, तरी एका गोष्टीचा राग जात नाही. आदल्या आठवड्यात तिचं माझं शेवटचं बोलणं झालं, ते कशावर? गिअरबॉक्सच्या तेलावर. दुखण्याबद्दल अवाक्षर नाही… "नांदेडहून लाल तेल आणलंस का?" एवढंच.

अक्का माझी थोरली बहीण, गोरेगावच्या शाळेत बाई. लहानपणीच्या पोलिओनं डावा पाय लुळा, वाढ खुंटलेला. दोन हजार सालानंतर कधीतरी तिनं हैदराबादच्या एका निवृत्त साहेबांची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, एका उजव्या पायावर भागतं. तिचं भागलं, जीव माझा गेला. सकाळी गार असताना ती गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायलाच तयार नसे. इंजिन नुसतं कोकलायचं. मग पाय जरा ढिला सोडून वाट बघायची, की हिसका देऊन तिसरा पडायचा. माझं डोकं पुढं आपटायचं नि अक्का समाधानानं म्हणायची, "पडला बघ बराबर." तेल बघायचं तेही इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी लावून. पट्टी ओढून रुमालावर पुसायची आणि मलाही वास घ्यायला लावायची. "जळका येऊन राहिला का?" हिंगोलीच्या एका मिस्त्रीनं भलतंच तेल ओतलं तेव्हापासून नांदेडच्या खेपा माझ्या गळ्यात पडल्या.

एकदा कनेरगाव नाक्यावर बॅटरी उतरली. ढाब्यावरची माणसं धावली. आपल्याकडं बंद पडलेली गाडी दिसली की लोकांचे हात शिवशिवतात. अक्का खिडकीतून सांगत होती, "काहून ढकलून राहिले? ही धक्क्यानं चालू होत न्हाई." कोण ऐकतो! पार वळणापर्यंत ढकलली. शेवटी एका ट्रकवाल्यानं वायरी जोडून चालू करून दिली. मी तापलो होतोच. म्हणालो, "वीक हे धूड. जायला यायला जीपा हायेत की."

अक्का शांतपणे म्हणाली, "जीपमधी मला कसं घालतात, बघितलंस ना? दोघं दंड धरतात, एक पाय धरतो. तुला रोज तसं घातलं तर चालंल?"

मी बॉनेट धाडकन आपटून लावलं.

शेवटच्या दिवशी छातीत कळा येत होत्या. शेजारी जीप घेऊन दारात उभे. "माझी गाडी हाय," म्हणाली, आणि हिंगोलीपर्यंत स्वतः चालवत गेली. ऐकलं असतं तर… जाऊ द्या. दवाखान्याच्या आवारात गाडी सावलीला नीट लावली होती, असं सांगतात. आत गेली ती चालत, काठी टेकत. कुणाला हात लावू दिला नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी गाडी आणायला गेलो. माझा डावा पाय सारखा क्लच शोधी, ब्रेकवर पडे, गाडी गचकन थांबे. वैतागून खाली बघितलं. रबरी चटईवर डावीकडं एक खोलगट जागा झाली होती. दर वेळी अक्का आपला पाय हातानं उचलून तिथं ठेवायची. म्हटलं, आपणही तिथंच टेकवावा. लहान लेकराच्या टाचेएवढी जागा ती… माझी टाच काही तिच्यात मावेना.