प्युपिल म्हणजे बाहुली

इंग्रजी शब्द एकटा येत नाही, मागून चार किस्से घेऊन येतो. आमच्या गंगेकाठच्या दुर्गाघाटच्या दुपारच्या वर्गात ते इतके साठलेत की सांगत बसले तर संध्याकाळची आरती चुकेल! वर्ग माझा. माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी मी डिक्शनरीशी भांडून शिकले, आता गल्लीतल्या बायकांना शिकवते. आज एकाच शब्दाचं सांगते: प्युपिल.

*

एक अर्थ विद्यार्थी, दुसरा डोळ्यातली बाहुली. "दोन्हींना एकच शब्द? इंग्रजांकडे एवढा दुष्काळ?" शेजारची सिंधू म्हणाली.

मूळ लॅटिन. लहान पोरीला आणि बाहुलीला तिथे एकच नाव. त्यावरून शिकणारं पोर. आणि समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं की आपणच इवलेसे दिसतो, म्हणून तीही बाहुली!

"बघ माझ्या डोळ्यात," मी म्हटलं. सिंधू नाकाला नाक लागेपर्यंत जवळ आली.

"धुकं दिसतंय हो, ताई."

मोतीबिंदू! चांगला पिकलेला. आणि ऑपरेशनचं नाव काढलं की बाई उठून घरी.

*

माझा भाचा भिक्षुकी करतो. त्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मावशी, संस्कृतात कनीनका. म्हणजे बाहुली, आणि लहान मुलगीही! त्यांनी आपलंच चोरलं."

"मग जा पोलीस थान्यात, चोरीची रपट लिहव!"

*

नात इंग्रजी शाळेत. "आजी, मिस म्हणतात आता प्युपिल नाही, लर्नर बोलायचं."

"बरं. मग डोळ्यात काय पडलं? लर्नरमध्ये कचरा?"

*

एके सकाळी सिंधू गंगेवर निघाली आणि घाटाची पायरी चुकली. गुडघा फुटला, थोडक्यात वाचली. तरी म्हणते, "डोळ्यात सुरी घालून घेणार नाही!"

मी सर्वांदेखत सांगितलं, "माझ्या वर्गात आंधळी चालेल, भित्री चालणार नाही. उद्यापासून येऊ नकोस."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी दारात उभी, पायात चपला, हातात पिशवी. "चला. पण तुम्ही बरोबर हव्यात."

*

डोळ्यांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने थेंब घातले, टॉर्च मारला. "बस अम्मा, प्यूपिल बड़ी हो रही है।"

सिंधू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "इनकी प्यूपिल हूँ बेटा। बड़ी नहीं, बूढ़ी हो गयी!"

*

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. सिंधू डोळा मिटूनच बसली. उघडायची हिंमत होईना.

"उघड," मी म्हटलं, "नाहीतर वर्गातून नाव कापते."

उघडला. मी तोंड तिच्या अगदी समोर नेलं. "बघ माझ्या डोळ्यात. काय दिसतं?"

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"बाहुली आहे खरी! पण ताई, हिचे केस कधी पांढरे झाले हो?"